नेटवर्क स्लाइसिंगच्या क्लेमवर कलम १०३चं रिजेक्शन आलं, तर उत्तर कसं तयार करायचं

नेटवर्क स्लाइसिंगच्या, म्हणजे एकाच मोबाइल नेटवर्कचे अनेक तार्किक भाग (स्लाइस) करण्याच्या, पद्धतीसाठी अमेरिकेत पेटंट अर्ज केला असेल, तर पहिल्या ऑफिस ॲक्शनमध्ये, म्हणजे पेटंट कार्यालयाच्या तपासणीपत्रात, कलम १०३ खालचं (शोध सहज सुचण्याजोगा असल्याचं) रिजेक्शन येणार हे धरूनच चालावं. एक्झॅमिनर दोन-तीन कागदपत्रं शेजारी ठेवतो आणि म्हणतो, यातलं सगळं आधीपासून माहीत होतं आणि या क्षेत्रातल्या जाणकाराला ते एकत्र जोडणं सहज सुचलं असतं. एवढ्याने अर्ज बुडत नाही. तो बुडतो घाईघाईत दिलेल्या उत्तराने. शोधकर्ता स्पेसिफिकेशन (अर्जातलं शोधाचं सविस्तर वर्णन) डोळ्यांसमोर ठेवून उत्तर लिहितो, एक्झॅमिनर क्लेम (नेमका कशावर हक्क मागितला ते सांगणारी वाक्यं) समोर ठेवून रिजेक्ट करतो. दोघं वेगवेगळ्या कागदांबद्दल बोलत राहतात आणि त्यात वर्ष निघून जातं.

पुण्या-बंगळुरूत बसून अमेरिकी ॲटर्नीला तांत्रिक टिपणं पाठवणारे इंजिनीअर आणि उत्तराचा पहिला मसुदा करणारे नवे पेटंट एजंट यांच्यासाठी हे लिहितो आहे. सही तिथल्या नोंदणीकृत ॲटर्नीची असते, पण उत्तरात दम किती हे तुमच्या टिपणावर ठरतं. टप्प्यांचा क्रम मोडू नका. बहुतेक चुका क्रम उलटा झाल्यामुळेच होतात.

आधी एक उदाहरण

पुढच्या सगळ्या टप्प्यांत एकच काल्पनिक क्लेम वापरू (एएमएफ म्हणजे ५जी कोअरमधलं नोंदणी सांभाळणारं फंक्शन, यूई म्हणजे मोबाइलसारखं वापरकर्त्याचं उपकरण):

“एएमएफने करायची पद्धत: यूईकडून एका स्लाइससाठी रजिस्ट्रेशनची विनंती घेणे, त्या स्लाइसवर येत्या काळात किती भार येईल याचा अंदाज मिळवणे, आणि भार मर्यादेपलीकडे जाणार असेल तर विनंती नाकारून यूईला काही वेळ थांबण्यास सांगणे.”

एक्झॅमिनरने दोन रेफरन्स, म्हणजे आधीचे कागद, लावले आहेत. पहिला थ्रीजीपीपी या मोबाइल स्टँडर्ड ठरवणाऱ्या संघटनेचा टीएस (तांत्रिक स्पेसिफिकेशन) २३.५०१, रिलीज १७. त्यात एनएसएसीएफ हे फंक्शन प्रत्येक स्लाइसवर किती यूई नोंदलेले आहेत ते मोजतं. कमाल संख्या भरली की विनंती नाकारली जाते आणि यूईला बॅक-ऑफ टाइमरही (पुन्हा विचारण्याआधी किती थांबायचं ती वेळ) देता येतो. दुसरा रेफरन्स, समजा, एक जुना अमेरिकी पेटंट अर्ज. त्यात स्लाइसच्या भाराचा अंदाज बांधून त्या स्लाइसची संसाधनं वाढवली जातात. जोडण्याचं कारण एका ओळीत दिलं आहे: “संसाधनांचा वापर सुधारण्यासाठी.”

टप्पा १ : मुदत लिहून ठेवा, कागद गोळा करा

उत्तराला ऑफिस ॲक्शनच्या तारखेपासून सहसा तीन महिने मिळतात. जादा शुल्क भरून ती मुदत महिन्या-महिन्याने वाढवता येते, पण सहा महिन्यांच्या पुढे नाही. सहा महिने उलटले की अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं. तांत्रिक टिपण दुसऱ्या महिन्याच्या मध्यापर्यंत ॲटर्नीच्या हातात पडायला हवं, कारण नंतर एक्झॅमिनरशी बोलायलाही वेळ लागतो.

हाताशी इतकं हवं: सध्या प्रलंबित असलेले क्लेम (मूळ दाखल केलेले नव्हेत, मध्ये दुरुस्ती झाली असेल), दाखल केलेलं स्पेसिफिकेशन जसंच्या तसं, प्रत्येक रेफरन्स पूर्ण, आणि याच शोधाच्या युरोपातल्या किंवा भारतातल्या अर्जावर आलेले तपासणी अहवाल.

इथली नेहमीची चूक म्हणजे रेफरन्सचे फक्त उद्धृत परिच्छेद वाचणं. आपल्या उदाहरणात कुणी म्हणेल, “टीएस २३.५०१ मध्ये मर्यादा भरल्यावरच कृती होते, आमच्याकडे आधीच होते.” पण त्याच प्रकरणात थोडं पुढे अर्ली अव्हेलेबिलिटी चेक आहे. नोंदलेल्या यूईंची संख्या कमाल मर्यादेच्या ठरावीक प्रमाणापर्यंत गेली की एनएसएसीएफ ती अवस्था चालू करतं आणि मग एएमएफ रजिस्ट्रेशन स्वीकारण्याआधीच उपलब्धता विचारतो. म्हणजे मर्यादेच्या अलीकडचा उंबरठा स्टँडर्डमध्येच आहे. हे न वाचता दिलेलं उत्तर एक्झॅमिनर पुढच्या ॲक्शनमध्ये दोन ओळींत निकालात काढतो.

टप्पा २ : तारखा तपासा, वाद नंतर

स्लाइसिंगमध्ये हा टप्पा इतर कुठल्याही विषयापेक्षा जास्त फळ देतो, कारण रेफरन्सपैकी बरेच थ्रीजीपीपीचे असतात आणि त्यांच्या आवृत्त्या दर काही महिन्यांनी बदलतात. टीएस २३.५०१ ची १५.०.० ही आवृत्ती डिसेंबर २०१७ ची, १७.०.० मार्च २०२१ ची. तुमची प्रायॉरिटी तारीख (शोधाचा पहिला अर्ज दाखल झाल्याची) नोव्हेंबर २०२० असेल आणि एक्झॅमिनरने १७.०.० मधला एनएसएसीएफचा भाग लावला असेल, तर तो कागद तुमच्याविरुद्ध प्रायर आर्टच (आधीपासून उपलब्ध असलेलं ज्ञान) नाही. एक्झॅमिनर नवी आवृत्ती उघडतो, मजकूर जुळतो आणि आवृत्तीच्या तारखेकडे दुर्लक्ष होतं. असं घडतं.

पण एवढ्यावर खूश होऊन थांबू नका. टीएसमध्ये मजकूर येण्याच्या कितीतरी आधी तो अभ्यास अहवालात आणि बैठकीतल्या योगदानांत आलेला असतो. स्लाइसिंगसाठी टीआर २३.७९९ (रिलीज १४), टीआर २३.७४० (रिलीज १६) आणि टीआर २३.७००-४० (रिलीज १७) हे तीन अहवाल स्वतः चाळा. तारखेच्या मुद्द्यावर रिजेक्शन मागे घ्यायला लावलं आणि पुढच्या वेळी एक्झॅमिनरने अहवालाचा मसुदा आणून ठेवला, तर हाती काही लागत नाही, वर एक फेरी वाया जाते.

योगदानांच्या, म्हणजे टीडॉकच्या, बाबतीत मुखपृष्ठावरची बैठकीची तारीख निर्णायक नसते. तो कागद सार्वजनिक सर्व्हरवर केव्हा चढला आणि शोधणाऱ्याला तो सापडू शकत होता का, हा प्रश्न असतो. सर्व्हरवरची अपलोडची वेळ नोंदवून ठेवा.

आता सर्वांत नाजूक भाग. कधी कधी एक्झॅमिनरने लावलेला टीडॉक तुमच्याच कंपनीचा असतो. स्टँडर्ड टीमने बैठकीत मांडणी केली आणि पेटंट अर्ज महिनाभराने गेला. अमेरिकेत शोधकर्त्याच्या स्वतःच्या प्रकटनाला एक वर्षाची सवलत आहे. नियम १.१३० खालचं प्रतिज्ञापत्र देऊन असा रेफरन्स बाजूला करता येतो, मात्र टीडॉकमधला मजकूर याच शोधकर्त्यांकडून आला हे दाखवावं लागतं. टीडॉकवर दुसऱ्या कंपन्यांचीही नावं असतील तर ॲटर्नीला ते पहिल्याच दिवशी सांगा. युरोपात आणि भारतात अशी सरसकट सवलत नाही, त्यामुळे तिकडच्या अर्जांचा विचार वेगळा करावा लागतो.

दुसरा रेफरन्स पेटंट अर्ज असेल आणि तुमच्या तारखेनंतर प्रकाशित झाला असेल, तर तो स्वतःच्या प्रायॉरिटीच्या जोरावर उभा आहे. मग त्याचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) किंवा परदेशी मूळ अर्ज उघडा आणि एक्झॅमिनरने टेकू घेतलेला परिच्छेद त्यात खरोखर आहे का ते बघा. अनेक प्रोव्हिजनल घाईत दाखल झालेले असतात आणि नेमका हवा तो भाग वर्षानंतरच्या अर्जात भरलेला असतो.

*तपासा: प्रत्येक रेफरन्ससमोर आवृत्ती, सार्वजनिक झाल्याची तारीख आणि तुमची प्रायॉरिटी तारीख, असे तीन रकाने भरले का? एकही रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.*

टप्पा ३ : क्लेमचा तक्ता, शब्दाला शब्द

डाव्या रकान्यात क्लेमचा एकेक तुकडा, मधल्या रकान्यात एक्झॅमिनरने दाखवलेला परिच्छेद, उजव्या रकान्यात तुमचं मत. मत तीनच प्रकारचं: आहे, नाही, ओढूनताणून आहे. “आमची कल्पनाच वेगळी आहे” असं या रकान्यात लिहायचं नाही. कल्पना क्लेममध्ये शब्दांनी उतरली असेल तरच ती मोजली जाते.

क्लेमच्या शब्दांचा, स्पेसिफिकेशनशी विसंगत न होता निघेल तेवढा रुंद अर्थ एक्झॅमिनर घेतो, आणि तसं करायला तो बांधील आहे. “स्लाइस” हा शब्द बघा. स्पेसिफिकेशनमध्ये “स्लाइस म्हणजे एक तार्किक नेटवर्क” एवढंच लिहिलं असेल तर एक्झॅमिनर व्हीपीएनला स्लाइस म्हणेल, व्हीलॅनला म्हणेल, रिलीज १३ मधल्या डेडिकेटेड कोअर नेटवर्कलाही म्हणेल. तिथे “आमची स्लाइस ५जीमधली आहे” हा युक्तिवाद चालत नाही. क्लेममध्ये एस-एनएसएसएआय (५जीमधली स्लाइसची ओळख) आला, तर स्लाइस सर्व्हिस टाइप आणि स्लाइस डिफरन्शिएटर यांनी ओळखली जाणारी स्लाइस एवढाच अर्थ उरतो. त्याची किंमत अशी, की क्लेम थ्रीजीपीपीच्या चौकटीत अडकतो. हा सौदा पटतो का, ते आधी व्यवसायाच्या माणसाला विचारा. मला वाटतं, ज्या पद्धतीचं सगळं मोल ५जी कोअरमध्येच आहे तिथे हा सौदा बहुधा करावा.

आपल्या क्लेमचा तक्ता केला की चित्र असं दिसतं. रजिस्ट्रेशनची विनंती: पहिल्या रेफरन्समध्ये आहे. भाराचा अंदाज: दुसऱ्यात आहे. नाकारून थांबायला सांगणं: पहिल्यात आहे. म्हणजे आज लिहिलेल्या क्लेममध्ये दोन्ही रेफरन्सच्या बाहेरचं काहीच नाही. वाईट वाटतं, पण ते इथेच कळलेलं बरं. आता स्पेसिफिकेशन उघडा आणि क्लेममध्ये न आलेलं काय आहे ते शोधा. समजा तिथे असं सापडलं: थांबण्याची वेळ ठरावीक नसते, अंदाजात भार उतरण्याचा जो क्षण दिसतो त्यावरून ती काढली जाते, आणि अंदाजाची विश्वासपातळी कमी असेल तर यूईला परत पाठवलंच जात नाही. हीच तुमची खरी जागा.

तक्ता करताना आणखी एका गोष्टीवर लक्ष असू द्या. एखाद्या तुकड्यासमोर एक्झॅमिनरने रेफरन्स न देता “हे सर्वज्ञात आहे” असं लिहिलं असेल, तर ती ऑफिशियल नोटीस आहे. पुढच्याच उत्तरात तिला कारणासह हरकत घ्यावी लागते. घेतली नाही तर ती बाब तुम्ही मान्य केल्याचं धरलं जातं आणि नंतर ते फिरवता येत नाही. हे वाक्य लांब परिच्छेदाच्या पोटात लपलेलं असतं, म्हणून “वेल नोन” हे शब्द शोधून काढा.

टप्पा ४ : क्लेममधला “जर-तर” काढा

पद्धतीच्या क्लेमचा हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा खड्डा आहे. पेटंट ट्रायल अँड अपील बोर्डाने २०१६ च्या शुल्हाउजर प्रकरणात स्पष्ट केलं, की पद्धतीच्या क्लेममधली एखादी कृती अटीवर अवलंबून असेल आणि अट पूर्ण न होताही ती पद्धत पार पडू शकत असेल, तर ती कृती प्रायर आर्टमध्ये दाखवण्याची एक्झॅमिनरला गरज नाही.

आपला क्लेम पुन्हा वाचा: “भार मर्यादेपलीकडे जाणार असेल तर विनंती नाकारून...” भार जाणार नसेल तर? मग पद्धत दोन कृतींतच संपते: विनंती घेणे, अंदाज मिळवणे. नाकारणं आणि थांबवणं हा सगळा भाग रिजेक्शनच्या हिशेबातून गळतो. तुम्ही त्याच भागावर चार पानं लिहिलीत तरी उपयोग नाही.

दुरुस्ती सोपी आहे. अट काढून ठाम कृती लिहा: “अंदाजावरून भार मर्यादेपलीकडे जाणार आहे असे निश्चित करणे, आणि तसे निश्चित झाल्यामुळे विनंती नाकारणे.” आता निश्चित करणं ही स्वतःच एक कृती झाली आणि पुढचं सगळं तिच्या मागे बांधलं गेलं. स्लाइसिंगच्या क्लेममध्ये असे “तर” पावलोपावली असतात, कारण ॲडमिशन कंट्रोल, स्लाइस बदलणं, यूआरएसपी नियम (कुठल्या ॲपने कुठली स्लाइस वापरायची ते यूईला सांगणारे), हे सगळं मुळात अटींवरच चालतं.

सिस्टमच्या क्लेमचा हिशेब वेगळा आहे. तिथे ती अट पाळण्याची क्षमता असलेली रचना दाखवावी लागते, त्यामुळे अट गळून पडत नाही. पद्धत आणि सिस्टम दोन्ही क्लेम असतील तर दोन्हींचे तक्ते वेगळे करा. एकाच्या उत्तरात दुसऱ्याला गुंडाळू नका.

*सावध: “व्हेन”, “इन केस”, “अपॉन” हे शब्दही तपासा. संदर्भ पाहून तेही अटीसारखे वाचले जातात.*

टप्पा ५ : जोडण्याचं कारण तपासा

तक्त्यात सगळे तुकडे सापडले तरी रिजेक्शन पूर्ण होत नाही. जाणकाराने ते तुकडे का जोडले असते याचं कारण एक्झॅमिनरला द्यावं लागतं. केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या २००७ च्या निकालापासून हे कारण रेफरन्समध्येच लिहिलेलं असावं लागत नाही, सामान्य समजही चालते. पण कारण हवं, आणि ते याच जोडणीचं हवं.

“संसाधनांचा वापर सुधारण्यासाठी” हे कारण टेलिकॉममधल्या कुठल्याही दोन कागदांना लागू पडेल. पण नुसतं “कारण मोघम आहे” एवढं लिहून थांबलात तर एक्झॅमिनर पुढच्या ॲक्शनमध्ये आणखी दोन ओळी घालेल आणि विषय संपेल. तुम्ही जोडणी खरोखर करून दाखवायला हवी. कागदावर कॉल फ्लो (संदेशांच्या क्रमाची आकृती) काढा: पहिल्या रेफरन्सचा एएमएफ, त्याचं एनएसएसीएफ, आणि त्यात दुसऱ्या रेफरन्सचा अंदाज बसवा. काय होतं? दुसऱ्या रेफरन्समध्ये अंदाज आला की स्लाइसची संसाधनं वाढतात. तो अंदाज ऑर्केस्ट्रेशनच्या (संसाधनं वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या) बाजूला जातो, एएमएफकडे नाही. जोडणीतून जी यंत्रणा तयार होते तिच्यात मर्यादा भरली की ठरावीक टाइमरने नकार मिळतो आणि दुसरीकडे क्षमता वाढत राहते. अंदाजातल्या वेळेवरून टाइमर काढणारी यंत्रणा तयार होत नाही. तिथे पोहोचायला आणखी एक पाऊल लागतं आणि ते दोन्ही रेफरन्समध्ये नाही.

हा युक्तिवाद तुमच्यासारख्या इंजिनीअरलाच करता येतो. ॲटर्नीला निकाल माहीत असतात, पण कुठला संदेश कुठल्या इंटरफेसवरून जातो आणि कोणत्या क्षणी कोणत्या नोडकडे काय माहिती असते, हे तुम्हाला माहीत असतं. टिपणातली सर्वांत मोलाची दोन पानं हीच असतात. ती मन लावून लिहा.

या टप्प्यावर तीन युक्तिवाद पुन्हा पुन्हा फसताना दिसतात.

पहिला: “रेफरन्स एकमध्ये अंदाज नाही. रेफरन्स दोनमध्ये टाइमर नाही.” रिजेक्शन जोडणीवर आहे, त्यामुळे रेफरन्स सुटे सुटे पाडून उपयोग नाही. १९८१ च्या केलर निकालापासून एक्झॅमिनर याला ठरलेलं उत्तर देतो.

दुसरा: “दुसरा रेफरन्स उलट शिकवतो.” संसाधनं वाढवणं हा वेगळा मार्ग आहे, विरोध नाही. रेफरन्सने तुमच्या मार्गावर टीका केली असेल, तो टाळावा असं सुचवलं असेल, तरच हा मुद्दा उभा राहतो. नुसता दुसरा पर्याय दाखवणं पुरत नाही, हे २००४ च्या फुल्टन निकालात आलं आहे.

तिसरा: “थ्रीजीपीपीने हा मार्ग स्वीकारला नाही, म्हणजे तो सहज सुचणारा नव्हता.” अभ्यास अहवालांत एकेका प्रश्नावर अनेक सोल्यूशन्स असतात आणि नाकारलेलं सोल्यूशनही प्रायर आर्टच असतं. उलट त्याच अहवालातली दोन सोल्यूशन्स एक्झॅमिनरने जोडली असतील, तर एकाच कागदात आहेत म्हणून कारण द्यायची जबाबदारी टळत नाही, हे मात्र जरूर लिहा. दोन सोल्यूशन्स परस्परांना पर्याय म्हणून मांडलेली असतील, तर मुद्दा आणखी बळकट होतो.

उंबरठ्याच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. ८० टक्के की ९० टक्के, हे नेहमीच्या चाचण्यांतून ठरवता येतं असं एक्झॅमिनर म्हणेल, आणि बहुधा त्याचं बरोबर असेल.

टप्पा ६ : दुरुस्ती ठरवा

तक्ता आणि कॉल फ्लो हातात आले की दुरुस्ती जवळजवळ आपोआप दिसते. आपल्या उदाहरणात नवा क्लेम असा होईल:

“...स्लाइसच्या भाराचा अंदाज आणि त्या अंदाजाची विश्वासपातळी मिळवणे. विश्वासपातळी पहिल्या उंबरठ्यापेक्षा जास्त आहे आणि भार मर्यादेपलीकडे जाणार आहे असे निश्चित करणे. अंदाजानुसार भार मर्यादेखाली येण्याच्या वेळेवरून थांबण्याचा कालावधी काढणे. आणि तसे निश्चित झाल्यामुळे विनंती नाकारून तो कालावधी यूईला पाठवणे.”

आता स्वतःच एक्झॅमिनर व्हा. यातला कुठला तुकडा तो पुढच्या शोधात पहिल्यांदा उचलेल? विश्वासपातळी. एनडब्ल्यूडीएएफच्या (५जी कोअरमधल्या डेटा विश्लेषणाच्या फंक्शनच्या) टीएस २३.२८८ मध्ये भाकितासोबत विश्वासपातळी देण्याची सोय आहेच. त्यामुळे सगळा भार तिच्यावर टाकू नका. आधार कालावधी काढण्याच्या पद्धतीवर ठेवा, विश्वासपातळी तिच्या जोडीला राहू दे. पुढचा रेफरन्स आजच ओळखला तर एक आख्खी फेरी वाचते.

प्रत्येक नव्या शब्दाला दाखल केलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये आधार हवा. परिच्छेदाचा क्रमांक तक्त्यात लिहा. आधार नसलेला शब्द म्हणजे नवी सामग्री, आणि ती आत घेता येत नाही. “तज्ज्ञाला समजेलच” अशा भरवशावर राहू नका.

गरजेपेक्षा जास्त अरुंदही करू नका. दुरुस्ती करून सोडून दिलेला भाग नंतर सममूल्यतेच्या सिद्धांताने (शब्दशः न जुळणारी पण तेच काम करणारी गोष्टही क्लेममध्ये धरणाऱ्या) परत मिळवणं फार अवघड असतं, हे २००२ च्या फेस्टो निकालाने पक्कं केलं आहे. म्हणून मुख्य क्लेममध्ये एकच जागा धरा, बाकीच्या खुब्या उपक्लेममध्ये ठेवा.

*तपासा: सगळ्या कृती एकाच नोडच्या आहेत ना? अर्ध्या यूईच्या आणि अर्ध्या एएमएफच्या असतील तर पेटंट मिळूनही उल्लंघन एका पक्षावर बसवणं जड जातं. क्लेम उघडलेलाच आहे, तर तेही आत्ताच नीट करा.*

टप्पा ७ : लिहिण्याआधी एक्झॅमिनरशी बोला

मुलाखतीची विनंती ऑनलाइन अर्जाने करता येते. फोनवर किंवा व्हिडिओवर बोलणं होतं. बोलण्याआधी दुरुस्त क्लेमचा मसुदा आणि कॉल फ्लोचं एक पान पाठवा, त्याहून जास्त नको. दोनच प्रश्न विचारा: या दुरुस्तीने सध्याची जोडणी बाजूला होते का? नाही तर कुठला तुकडा अजून सापडतो आहे असं तुम्हाला वाटतं?

शोधकर्ता कॉलवर असेल तर चांगलंच, पण त्याने तांत्रिक प्रश्नाचं उत्तर द्यावं आणि थांबावं. उत्साहाच्या भरात “हे तसं सोपंच आहे, कुणीही करू शकतं” असं तोंडून गेलं तर ते मुलाखतीच्या नोंदीत येऊ शकतं. आपल्याकडे नम्रपणे काम छोटं करून सांगायची सवय आहे. इथे ती बाजूला ठेवा, जे आहे ते नेमकं सांगा.

टप्पा ८ : उत्तर लिहा

आता लिहायला बसा. दुरुस्त क्लेम, मग प्रत्येक रिजेक्शनला वेगळं उत्तर. कलम १०१ चं (विषयच पेटंटयोग्य नसल्याचं) रिजेक्शनही सोबत असेल, तर दोन्ही उत्तरं एकमेकांना छेदत नाहीत ना ते वाचा.

कलम १०३ च्या उत्तरात आधी क्लेममधला तो एक तुकडा शब्दशः उद्धृत करा. मग दोन्ही रेफरन्स एकत्र घेतल्यावर काय मिळतं ते लिहा, त्यात हा तुकडा का येत नाही ते लिहा, आणि तिथे जाण्याचं कारण ॲक्शनमध्ये दिलेलं नाही हे दाखवा. दोन-तीन पानं पुरतात. “प्रस्तुत शोध म्हणजे” अशी वाक्यं टाळा, “क्लेम १ मध्ये” असं लिहा. आधीचं वाक्य संपूर्ण शोधाला बांधून टाकतं आणि वर्षांनंतर खटल्यात तेच समोर ठेवलं जातं.

पुरावा द्यायचा असेल तर नियम १.१३२ खालचं प्रतिज्ञापत्र द्या. सिम्युलेशनचे आकडे चालतात, पण तुलना सर्वांत जवळच्या प्रायर आर्टशी हवी. आपल्या उदाहरणात ती ठरावीक बॅक-ऑफ टाइमरशी, म्हणजे पहिल्या रेफरन्सशी. “स्लाइसिंगच नसलेलं नेटवर्क” आणि “आमची पद्धत” अशी तुलना करून सुंदर आलेख पाठवले जातात आणि त्यांना काही वजन राहत नाही. शिवाय सुधारणा क्लेममधल्या त्याच तुकड्यामुळे झाली हे दिसलं पाहिजे: कालावधी काढण्याचा भाग बंद करून पुन्हा सिम्युलेशन चालवा आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवा.

फायनल रिजेक्शन आलं तर

फायनल झाल्यावर दुरुस्ती आत घेतली जाईलच असं नाही. शुल्क भरून आरसीई (तपासणी पुढे चालू ठेवण्याची विनंती) दाखल केली की तपासणी पुन्हा उघडते. जुन्या टेम्प्लेटमध्ये एएफसीपी २.० चा (फायनलनंतरची दुरुस्ती विचारात घेण्याच्या कार्यक्रमाचा) पर्याय अजून दिसतो, पण तो कार्यक्रम डिसेंबर २०२४ मध्ये संपला, तेव्हा त्याच्या भरवशावर वेळापत्रक आखू नका.

क्लेम योग्य आहे आणि एक्झॅमिनर जोडणीचं कारण देतच नाही अशी खात्री असेल, तर एकामागून एक आरसीई करत बसण्यापेक्षा अपील बरं. अपीलच्या नोटिशीसोबत जास्तीत जास्त पाच पानांची प्री-अपील विनंती देता येते. त्यात एक्झॅमिनरांचं छोटं मंडळ रिजेक्शन टिकतं का ते बघतं. तिथे दुरुस्ती चालत नाही, म्हणून ढोबळ चूक असेल तेव्हाच हा मार्ग घ्या: चुकीच्या तारखेचा रेफरन्स, क्लेममधला तुकडा सुटणं, किंवा कारणच नसणं.

हाच शोध मुंबईच्या पेटंट कार्यालयात असेल तर

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. तिथे पहिला तपासणी अहवाल, म्हणजे एफईआर, येतो आणि उत्तराला सहा महिने मिळतात. मुदत संपण्याआधी विनंती आणि शुल्क दिलं तर आणखी तीन महिने. इन्व्हेंटिव्ह स्टेपचा आक्षेप कलम २(१)(जेए) खाली असतो. त्याची व्याख्या तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व मागते, आणि त्याखेरीज शोध जाणकाराला सहज सुचणारा नसावा असंही म्हणते. अमेरिकेतलं उत्तर जसंच्या तसं चिकटवलं तर तांत्रिक प्रगतीचा भाग कोराच राहतो. सिग्नलिंग किती घटलं, परत परत होणाऱ्या रजिस्ट्रेशनच्या विनंत्या का थांबल्या, हे नेटवर्कच्या भाषेत मांडा.

शेजारी कलम ३(के) चा आक्षेप बहुतेक वेळा असतोच: अल्गोरिदम किंवा निव्वळ संगणक प्रोग्राम. “अंदाज काढणे” आणि “निश्चित करणे” एवढ्यावर क्लेम थांबला तर तो आक्षेप घट्ट बसतो. एएमएफ कोणता संदेश कोणाला पाठवतो आणि त्यामुळे नेटवर्कच्या वागण्यात काय बदलतं, हे क्लेममध्येच दिसू द्या. दुरुस्तीवर कलम ५९ ची बंधनं अमेरिकेपेक्षा कडक आहेत: नवा क्लेम आधीच्या क्लेमच्या व्याप्तीत पूर्णपणे बसायला हवा. त्यामुळे अमेरिकेत केलेली दुरुस्ती इथे तपासल्याशिवाय आणू नका.

आक्षेप उरले तर सुनावणी लागते. सुनावणीनंतर लेखी म्हणणं द्यायला १५ दिवस असतात, आणि तक्ता व कॉल फ्लो तेव्हा पहिल्यांदा बनवायला घेतले तर ते पुरत नाहीत. सुनावणीची नोटीस येताच दोन्ही तयार करून ठेवा. एफईआरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत परदेशातल्या अर्जांची माहिती देणारा फॉर्म ३ भरायचा असतो. अमेरिकेच्या फाइलवर काम करणारा आणि भारताच्या फाइलवर काम करणारा माणूस वेगळा असेल, तर ही तारीख दोघांच्याही कॅलेंडरमध्ये टाका.